मोडलेला ढाळ

"अपघाताच्या वेळी स्वयंपाकीणबाई अनवाणी होत्या." मी लिहिलेल्या अहवालातले हे वाक्य शब्दशः खरे होते. त्याच वाक्यामुळे द्वारकाबाईंची नोकरी गेली. ज्या कारणाने त्या पडल्या ते मला ठाऊक होते, आणि ते मी लिहिले नाही. ही गोष्ट मी सतरा वर्षे कोणाला सांगितली नव्हती, पत्नीलाही नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर. तेव्हा अमरावतीत माझे लहानसे ऑफिस होते. शहरातल्या एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे काम माझ्याकडे आले. त्या वर्षांत कापूस पिकवणाऱ्या घरांतल्या मुली तिथे फार वाढल्या होत्या. पुष्कळ जणी सुट्टीतही गावी जात नसत. मेसमध्ये दोन वेळचे जेवण खात्रीचे होते. ज्या स्वयंपाकघरावर ती खात्री उभी होती, त्याची जमीन मात्र उखडली होती. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या फरश्या उचलून टाकते. नवे स्वयंपाकघर वर्षभरात त्याच जागी बांधायचे ठरले होते. तोवर स्वस्तातली, तात्पुरती जमीन करून द्यायची, एवढेच माझे काम.

पाहणीला मी रफीकभाई मिस्त्रींना सोबत नेले. दारावर रंगवलेली पाटी होती: 'अन्नपूर्णेचे स्थान. पादत्राणे बाहेर काढावीत.' आम्ही बूट काढून आत गेलो. द्वारकाबाई आणि आणखी तिघी जमिनीवर बसून पोळ्या लाटत होत्या. पिठाच्या परातीपासून वरणाच्या गंजापर्यंत, त्या भल्यामोठ्या पातेल्यापर्यंत, सारे खालीच. स्वयंपाक झाला की बादल्यांनी पाणी ओतून जमीन धुवायची, खराट्याने ते मोरीकडे लोटायचे, ही तिथली रीत.

"रफीकभाई, काय करता येईल?"

त्यांनी मोरीशी बसून एक फरशी हाताने हलवून पाहिली. "हेच शहाबादी दगड उचला साहेब. खाली मुरूम कुटा, खरबरीत बाजू वर ठेवा, सांधे कच्च्या मालाने, कमी सिमेंटच्या रेतीने भरा. पुढच्या साली उकलून आंगनात टाका. दगड तुमचाच, खर्च फक्त मजुरीचा. बस, ढाळ सांभाळा."

ढाळ म्हणजे जमिनीला मुद्दाम दिलेला उतार. डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, पण पाण्याला दिसतो.

"किती दिवस?"

"चार. चूल चार दिवस आंगनात मांडाव लागन."

द्वारकाबाई लाटता लाटताच म्हणाल्या, "मांडू की आंगनात. पोरी काय उपाशी राहून राहिल्या? आमी मांडवात हजार मानसाचं रांधतो."

संस्थेच्या सचिवसाहेबांना मी हे सांगितले. त्यांना ते मुळीच पटले नाही.

"चार दिवस अंगणात चूल? सोमवारी देणगीदार येत आहेत. ते काय आपली धुणी-भांडी पाहायला येतात? ती कार्पेट मिळते ना, लाकडाच्या डिझाइनची? एका दिवसात अंथरा. तात्पुरतंच तर आहे."

ते ज्याला कार्पेट म्हणत होते, ती व्हिनाईलची शीट. दिवाणखान्यात किंवा दुकानात ती चांगली चालते. पण ती सपाट जमिनीवरच नीट बसते. उतारावर, विशेषतः मोरीच्या तोंडाशी, तिला सुरकुत्या पडतात. शिवाय ओली झाली आणि वर तेलाचा थेंब पडला, की पाय ठरत नाही. हे मी सांगायला हवे होते. मी विचारले, "डिझाइन सागवानी घेऊ की शिसवी?" नव्या स्वयंपाकघराचे मोठे काम त्यांच्याच हातून मिळणार होते, हे माझ्या मनात होते. दुसरे कोणतेही कारण नव्हते.

शीट सपाट बसावी म्हणून खड्डे भरून मी वर सिमेंट-रेतीचा पातळ थर ओढायला लावला. ढाळ मोडला. रफीकभाईंनी थापी खाली ठेवली. "साहेब, पानी को रस्ता तो चाहिये ना?"

"तात्पुरतं आहे," मी म्हणालो. सचिवांचाच शब्द माझ्या तोंडून निघाला.

शीट अंथरून झाली तेव्हा द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तांब्याभर पाणी मुद्दाम ओतले. पाणी होते तिथेच राहिले.

"पानी कुठून जाईल जी?"

"पुसून घ्यायचं, बाई. आता धुवायचं नाही."

"दीडशे पोरींचं रांधून पुसून घ्याव? तुमच्या घरी पुसते काहो कोनी?"

बाकीच्या तिघी हसल्या. मीही हसल्यासारखे केले.

देणगीदार आले, लाकडाची जमीन पाहून खूश झाले, दारातूनच परतले. बूट काढायला नकोत म्हणून आत कोणी गेले नाही.

अकराव्या दिवशी सकाळी वरणाचा गंज उतरवताना द्वारकाबाईंचा पाय घसरला. डावा पाय गुडघ्यापासून खाली भाजला. मी पोहोचलो तेव्हा त्यांना इस्पितळात नेले होते, आणि शीटवर वरण आणि पाणी तसेच उभे होते. एक थेंब मोरीकडे गेला नव्हता.

सचिवांनी अहवाल मागितला. "कारणात चपलेचं लिहा," ते म्हणाले.

"पण साहेब, स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. आपलीच पाटी आहे."

"पाटीबद्दल कोणी विचारलंय तुम्हाला? बाई अनवाणी होती की नव्हती?"

"होती."

"मग? खरंच तर लिहिताय."

मी तसे लिहिले आणि सही केली. ज्या संस्थेने बाईला चप्पल काढायला लावली, तिनेच तिच्या अनवाणी पायावर ठपका ठेवला. आणि सही करणारा इंजिनिअर त्या दारात स्वतः बूट काढून आत गेला होता. निष्काळजीपणाचा शेरा मारून द्वारकाबाईंना काढून टाकले. जखम भरण्याआधीच त्या पातूरला भावाकडे गेल्या. सचिवांवर मी वर्षानुवर्षे मनातल्या मनात संतापत राहिलो, आणि त्या संतापाच्या आडोशाला माझी सही सुखाने बसून राहिली.

पुढच्या वर्षी पक्क्या कामासाठी शीट उचलली. ते काम मलाच मिळाले होते. खाली काळे, कुजके पाणी साचले होते. रफीकभाईंनी नाकाला रुमाल लावला आणि एवढेच म्हणाले, "बाईने पूछा था, साहेब."

गेल्या वर्षी रफीकभाई वारले. ढाळाची गोष्ट जाणणारा आता मी एकटाच उरलो, हे त्यांच्या मातीहून परतताना लक्षात आले. मी पातूरला गेलो. द्वारकाबाई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखले. मी सगळे सांगितले आणि माफी मागायला तोंड उघडले, तर त्यांनी हात वर केला.

"थांबा. मले काहून सांगता? मले त तवाच माहीत होतं. पानी मीच ओतलं होतं ना?" सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तिथं सांगा. ज्या घरात मी निष्काळजी झाली, त्या घरात सांगा. मी ऐकाले येईन. चपला बाहेर काढून येईन."

संस्थेचे नवे सचिव तरुण आहेत. स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर बोलू द्या म्हटल्यावर त्यांनी आधी कुरकुर केली. "जुनी गोष्ट आहे, कागदपत्रंही सापडणार नाहीत." माझ्याकडे अहवालाची प्रत होती. ती मी त्यांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी दिवस ठरवून दिला.

तात्पुरती जमीन कोणती करावी, असे अजूनही लोक मला विचारतात. मी एवढेच सांगतो: पाणी ओतून पाहा, आणि ते कुठे जाते हे तिथे रांधणाऱ्या बाईला विचारा. तात्पुरत्या जमिनीवर चालणारे पाय तात्पुरते नसतात.

ठरलेल्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात चार स्वयंपाकिणी होत्या, रेक्टरबाई होत्या, ताटे हातात घेतलेल्या मुली दारात दाटल्या होत्या. द्वारकाबाई मोरीजवळ उभ्या होत्या, डाव्या पायावर भार न देता. मी बूट बाहेर काढले आणि आत आलो. माझा आवाज मुळातच बारीक आहे. मागची एक मुलगी म्हणाली, "ऐकू नाही येऊन राहिलं." मग मी मोठ्याने बोललो.

"द्वारकाबाई, तुम्ही अनवाणी होता म्हणून पडला नाहीत. या जमिनीचा ढाळ मी मोडला होता, आणि तो मोडतोय हे मला माहीत होतं. अहवालात दोष माझा लिहायला हवा होता, मी तुमचा लिहिला. मी खोटं वागलो. मला माफ करा."