डावीकडून बारीक येतंय

शुक्रवारी नवी गाणी येतात आणि शनिवारी सकाळी मी त्यांच्यावर इथे लिहिते, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना सवयीचं झालंय. आज लिहितेय ते मात्र अजून कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही. आणि जिच्यापाशी बोलायला हवं होतं, तिच्यापाशी तर — थांबा. तिथे लगेच नाही जाता येणार मला. आधी गाण्यांबद्दल बोलते. ते मला सोपं जातं.

मला उशिरा सुरू होणारी गाणी आवडतात. आधी वाद्यं आपापसात बोलून घेतात, जागा करतात आणि मग गाणारा येतो, अशी. निफाडला आमच्या घरी एकच टेपरेकॉर्डर होता, त्यावर मी जे ऐकून वाढले ते सगळं असंच होतं. हल्लीचं गाणं पहिल्या ओळीतच सगळं सांगून मोकळं होतं. हल्लीच्या गाण्यांना भीती वाटते — ऐकणारा उठून जाईल याची. पण मधूनच एखादं नवं गाणं असं येतं की त्याला कसलीच घाई नसते, आणि मग आठवडाभर दुसरं काही ऐकवत नाही.

हे जे आत्ता लिहिलं ना, गाण्यांना भीती वाटते वगैरे — ते माझं नाही. ते नंदाचं आहे. तुम्ही जे वाचून मला ‘काय कान आहे हो तुमचा’ असं कळवत आलात, त्यातलं बरंचसं नंदाचं आहे.

नंदा माझ्याच शाळेत हिंदी शिकवते, मी गणित. पंचवटीतली शाळा, जुनी इमारत, स्टाफरूमची एक खिडकी भाजीबाजाराकडे उघडते. ती मनमाडची. वडील रेल्वेत होते. त्यांच्या वस्तीत भीमजयंतीला गाण्यांचे कार्यक्रम व्हायचे, आणि ही पोरगी स्टेजसमोर न बसता बाजूला, ढोलकीवाल्याच्या मागे जाऊन बसायची. म्हणायची, समोरून सगळं एकत्र येतं गं, बाजूने प्रत्येकाचं वेगळं कळतं. तेव्हापासूनचा तो कान. गाण्यात कोण कुठे बसलंय, कोण कुणाला उत्तर देतंय, कुणाला बोलायचंय पण जागा मिळत नाहीये — ती एकदा ऐकून सांगायची. मी चार वेळा ऐकूनही तिथवर पोचत नसे. पण लिहायचा तिला कंटाळा. ‘तू लिही ना, मला बोलायला आवडतं,’ म्हणायची. मग मधल्या सुट्टीत ती बोलायची आणि शनिवारी मी लिहायचे. सुरुवातीला तिचं नाव टाकायचे. मग कधीतरी टाकेनाशी झाले. तिने कधी विचारलं नाही. मीही कधी विषय काढला नाही.

मत्सर म्हणायचा का याला? मला तेव्हा तो शब्द सुचला नसता. ती माझी मैत्रीण होती — आहे. माझ्या आईच्या आजारपणात माझे तास तिने घेतले, माझ्या मुलीच्या साखरपुड्यात ती माझ्याआधी हॉलवर हजर होती. तरीपण एखादी गोष्ट तिला ऐकू येते आणि मला नाही, हे दर शुक्रवारी नव्याने टोचायचं. एकदा, फक्त एकदा, उलटं व्हावं असं वाटायचं. बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीतून पुढचं सगळं आलं.

आमची रीत अशी होती. इअरफोन माझे, जरा बरे, मुलीने दिलेले. नवं गाणं आधी नंदा दोन्ही कानांत घालून ऐकायची आणि मी तिचा चेहरा बघायचे. मग मी ऐकायचे. त्या शुक्रवारी सिडकोतल्या ओंकारचं गाणं आलं होतं. ओंकार हा तिशीतला संगीतकार, राहत्या खोलीतच रेकॉर्डिंग करतो. महिन्यातून एका रविवारी गंगापूर रोडला देशमुखकाकांच्या घरी आम्ही काही गाणंवेडे जमतो, तिथे त्या रविवारी तो स्वतः येणार होता. नंदा दोन दिवसांपूर्वी हरसूलला नणंदेकडे जाऊन आली होती आणि सर्दीने बेजार होती. तिने गाणं ऐकलं. चेहरा नेहमीसारखा उजळला नाही. डावा कान चोळत ती म्हणाली, “शैला, डावीकडून बारीक येतंय. माझ्या कानाला दडा बसलाय, की इअरफोन गेलाय?”

मी इअरफोन घेतले, कानांत घातले. दुसऱ्या कडव्यात गाणारा एक ओळ म्हणून थांबतो, आणि डावीकडून, लांबून, एक क्लॅरिनेट त्याला उत्तर देतं. अगदी स्वच्छ. माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी लक्षात आलं, की हे नंदाला ऐकू आलेलं नाही.

तिने सरळ विचारलं होतं. मला सरळ सांगता आलं असतं, की इअरफोन ठीक आहे, तुझा कान दाखवून घे. किती शब्द लागतात त्याला?

मी म्हणाले, “इअरफोनच गेलाय. मलाही बारीकच येतंय.”

ती उलटसुलट करून बघणार होती, डावीकडचा उजव्या कानात घालून. तिने हात पुढे केला होता. तसं केलं असतं तर तिला तिथेच कळलं असतं. मी ते गुंडाळले आणि पर्समध्ये टाकले. बोलणं तोंडून निसटतं, असं म्हणता येईल कदाचित. पण गुंडाळून पर्समध्ये टाकायला वेळ लागतो. पर्सची चेन ओढायला वेळ लागतो. मी ते सगळं केलं.

घरी नंदा फोन ओट्यावर ठेवून गाणी ऐकते, शेजारी कुकर, बाहेरच्या खोलीत सासऱ्यांचा टीव्ही. तिथे ते क्लॅरिनेट तिला सापडणार नाही, हे मला माहीत होतं.

रविवारी देशमुखकाकांकडे सगळे घरून गाणं ऐकून आले होते. आमच्याकडे आधी बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून ऐकायचं, अशी पद्धत आहे. पहिलं नेहमीप्रमाणे नंदाला विचारलं. ती मोकळेपणाने बोलली. चाल फार आवडली, म्हणाली. पण दुसऱ्या कडव्यात गाणारा विचारतो आणि त्याला कुणी उत्तरच देत नाही, ती जागा उघडी पडते, तिथे काहीतरी करायचं राहून गेलंय असं वाटतं. ओंकार गोंधळला. आमच्याकडे, मग देशमुखकाकांकडे बघत हळूच म्हणाला, “मॅडम, तिथे क्लॅरिनेट आहे. त्याच्यासाठीच तर ते कडवं आहे.”

कुणीतरी हसलं. दुष्टपणाने नव्हे, पण हसलं. नंदाने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्यासारखंच ऐकलंय, इअरफोन बिघडलेत, हे मी आता सांगेन, अशी तिची अपेक्षा होती. तिच्या डोळ्यांत दिसत होती.

मी म्हणाले, “मला ऐकू आलं होतं.”

आणि मग मी त्या क्लॅरिनेटवर बोलले. छान बोलले. दोन दिवस मनात घोळवून ठेवलेलं होतं सगळं. ओंकारने पुढे माझं त्या गाण्यावरचं टिपण सगळीकडे पाठवलं. तुमच्यातले काही जण तेव्हाच इथे आलात.

परतताना ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. पुलावर गाडी हळू झाली तेव्हा कानाशी वाकून तिने विचारलं, की तुला ऐकू आलं होतं तर शुक्रवारी तसं का म्हणालीस. मी म्हणाले, घरी मुलीच्या हेडफोनवर परत ऐकलं. तिला ते पटलं. मग म्हणाली, म्हणजे माझा कानच बिघडला असेल का गं? शिट्टीसारखं काहीतरी वाजत राहतं आत.

आता तरी? आता तर स्पर्धाही उरली नव्हती, हवं ते मला मिळून गेलं होतं. पण तिला डॉक्टरकडे जा म्हटलं असतं, तर ती शुक्रवारचं सगळं परत जुळवून बघेल, अशी भीती वाटली. इअरफोन चांगला होता हे तिला कळेल. मी म्हणाले, सर्दीने सगळ्यांनाच होतं, वाफ घे, उतरेल. तिने वाफ घेतली. माझ्यावर विश्वास ठेवून रोज वाफ घेत राहिली. मी स्टाफरूममध्ये तिला विचारायचे, बरं वाटतंय का? ती म्हणायची, थोडं वाटतंय.

मग एक दिवस वर्गात फळ्याकडे वळताना तिला चक्कर आली आणि तिचे मिस्टर तिला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही गेले होते. हो, सोबत मीच बसले होते तिच्या, तिची पर्स मांडीवर घेऊन. डॉक्टर म्हणाले, अशी अचानक गेलेली श्रवणशक्ती पहिल्या काही दिवसांत आलात तर औषधाने परत येऊ शकते, खात्री देता येत नाही, पण शक्यता असते. आता फार उशीर झालाय. तरी त्यांनी गोळ्या दिल्या, कानात इंजेक्शनंही दिली. डावा कान परत आला नाही.

‘खात्री देता येत नाही.’ हे वाक्य मी किती घट्ट धरून ठेवलं होतं, काय सांगू. भाजी निवडताना, पेपर तपासताना. लवकर गेली असती तरी कदाचित — असं. पण ते वाक्य डॉक्टरांचं आहे आणि कानाबद्दलचं आहे. माझ्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

नंदाने दोषही स्वतःलाच दिला. मीच अंगावर काढलं, म्हणाली. मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही.

यानंतर आमची रीत बदलली. ती उजव्या कानाने ऐकायची आणि मग मला विचारायची, डावीकडे काय आहे? मी सांगायचे. डावीकडे घुंगरू आहेत, फार हळू. डावीकडे तोच आवाज परत आहे, जरा मागून. ती डोळे मिटून माझं सांगणं आपल्या अर्ध्या गाण्याला जोडून बघायची. खोटं मी एकदाही सांगितलं नाही, आणि याचा मला — लाज वाटते लिहायला — अभिमान वाटायचा. वाटायचं, मी फेडतेय. खरं म्हणजे मला ते आवडत होतं. तिला माझी गरज होती, आणि मी सांगेन तेच तिच्यासाठी त्या गाण्यात असायचं.

गेल्या वर्षी मी नवा फोन घेतला. सेटिंगमध्ये हिंडताना एक बटण सापडलं. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून एकाच कानात सोडता येतो. ज्यांना एका कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठीच ते केलेलं आहे, तसं तिथे लिहिलेलंही होतं. जवळजवळ सगळ्या फोनमध्ये असतं म्हणे. नंदाच्याही फोनमध्ये होतं. मी ते वाचलं आणि फोन बंद केला. आणि पुढच्या शुक्रवारी तिने विचारलं तेव्हा डावीकडे काय आहे ते सांगितलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. असे किती शुक्रवार गेले ते मोजायचं मी टाळलं.

काही दिवसांपूर्वी एका गाण्याची डावी बाजू सांगून झाल्यावर ती म्हणाली, “तू आहेस म्हणून माझं गाणं पुरं होतं बघ.” ती हे सहज बोलली, वह्यांचा गठ्ठा उचलता उचलता. मला मात्र आठवडाभर धड जेवण गेलं नाही.

गेल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी तिचा फोन मागून घेतला आणि ते बटण चालू केलं. ती ऐकायला बसली. पहिल्याच कडव्याला तिने झटकन मान वर केली आणि बाक घट्ट धरला. संपल्यावर परत लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना ती बोलायला लागली, पूर्वीसारखी, कोण कुणाला उत्तर देतंय ते. तिने जे सांगितलं त्यातलं निम्मं मला ऐकू आलेलं नव्हतं. मी तिला इतके दिवस सांगत होते ती डावी बाजू केवढीशी होती, ते मला तेव्हा कळलं.

मग तिने विचारलं, “हे तुला कधी कळलं?”

मी म्हणाले, “कालच.”

ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस. आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं. घंटा झाली तेव्हा मी वर्गावर गेले.

नंदा शनिवारी सकाळी हे सगळं वाचते, बहुतेक तुमच्याही आधी. समोर बसून सांगायला हवं होतं. काल तिच्या दारापर्यंत गेले होते, आतून गाणं ऐकू येत होतं, परत फिरले. म्हणून इथे लिहितेय, आणि हाही भित्रेपणाच आहे.

नंदा, ते मला आदल्या दिवशी कळलेलं नव्हतं. वर्ष झालं होतं.