त्याला कुणी विचारलं नव्हतं

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पंपाचे ओतीव भाग तयार होत. परदेशी जाणारा माल तपासून कागदावर सही करायचं काम माझं. पण मालातली खोट ओळखावी ती त्यानंच. दुष्काळी माण तालुक्यातून आलेला, ठेकेदाराकडचा माणूस. छोट्या हातोडीनं भागावर हलकेच ठोकायचा, मान कलती करून ऐकायचा आणि म्हणायचा, "ह्यो बद्द वाजतोय. आत चीर हाय." तो कधी चुकला नाही.

ठेकेदाराच्या माणसांना कँटीनमध्ये बसायची मनाई होती. ती बाहेर पत्र्याखाली जेवत. त्याचं नाव मीही कधी विचारलं नाही.

एकदा मोठी ऑर्डर निघताना तो थेट मॅनेजरपुढं उभा राहिला. "सायेब, लय माल चिरलाय. पाठवू नगासा."

"तुला कुणी विचारलं? जा, कामाला लाग."

कायम कामगार हसले. मी खाली बघून सही केली.

दोन महिन्यांनी माल परत आला. पुढची ऑर्डर दुसऱ्या देशातल्या कारखान्याला गेली आणि आमची एक पाळी बंद पडली. परत आलेला माल निवडायला त्यालाच बसवलं. तीन दिवस त्यानं एकेक भाग ठोकून पाहिला, चिरलेल्यावर खडूनं फुली मारली. चौथ्या दिवशी ठेकेदाराची सगळी माणसं कमी केली. तोही त्यात होता.

फाटकाशी गाठून मी म्हणालो, "तुझं ऐकायला पाहिजे होतं."

त्यानं पिशवी खांद्याला अडकवली.

"माजं कोण ऐकतंय, सायेब? तुमचं ऐकलं आसतं."