बिनबटणांचे शर्ट

संस्थेचा फॉर्म भरताना नाव, पत्ता, वय इथपर्यंत मी सरळ लिहीत गेले. वयाच्या पुढं जरा बारीक अक्षर काढलं, तेवढंच. पुढचा रकाना आला ‘कौशल्य’, आणि पेन थांबलं. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. वाचायची आवड पुढची, पण ती काही कुणी कौशल्यात धरत नाही. हे शेजारी पेपर वाचत बसले होते. म्हटलं, “अहो, माझं कौशल्य काय?”

“बोलणे,” हे पेपरातनं वर न बघता म्हणाले. “दोन ओळी कमी पडतील, मागं कोरी जागा आहे तिथं लिही.”

मी रकाना कोरा ठेवला आणि फॉर्म देऊन आले.

आता या वयात मला हे काय सुचलं, ते सांगते. सांगलीत आमचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत. मोठ्या पुराच्या वेळी पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला आलं आणि कोकणातली माणसं आपल्या होड्या ट्रकवर घालून, घाट चढून आमच्या मदतीला आली. समुद्रावर मासे धरणारी माणसं आमच्या गल्लीतनं होडी चालवत होती. आम्हाला गॅलरीतनं उतरवून घेतलं. निघताना हे म्हणाले, कागदपत्रांचा डबा घे. फळीवर बिस्किटांचे दोन गोल डबे होते. घाईत मी एक उचलला आणि पोटाशी धरून होडीत बसले. होडीवाला म्हणाला, “आजी, डबा खाली ठेवा, दोन्ही हातांनी कड धरा.” मी म्हटलं, “बाबा, यात आमचं सगळं आहे.” त्या भल्या माणसानं मग एका हातानं वल्हं आणि एका हातानं माझा दंड धरला आणि मला शाळेपर्यंत आणून सोडलं. तिथं डबा उघडला तर आत बटणं. साठ वर्षांची साठवलेली बटणं. घराची कागदपत्रं, माझ्या पाटल्या, सगळं फळीवरच्या दुसऱ्या डब्यात. फळीपर्यंत पाणी चढलं नाही म्हणून वाचलं, पण हे अजून पाहुण्यांना सांगतात, “आमच्या हिनं पुरातनं इस्टेट वाचवली.”

तर त्या कोकणच्या किनाऱ्यावर मागं वादळ झालं. घरावरचे पत्रे गेले, पेट्यांतले कपडे गेले. आमच्या नदीकाठच्या संस्थेनं शनिवारी तिकडं टेंपो पाठवायचं ठरवलं आणि मदतीला माणसं पाहिजेत म्हणून फलक लावला. मला वाटलं, आता आपण घरी बसायचं नाही. ज्यानं माझा दंड धरला त्याच्या गावाला माझ्या हातचं काहीतरी गेलं पाहिजे. माझ्या हातचं. घरात स्वयंपाक सूनबाई करते, चांगला करते, माझ्या हाताला आता कुणी काम सांगत नाही. हे दुःख नाही हो, पण हात आपले मांडीवर पडून असतात.

सोमवारी गेले तर संस्थेच्या ताईंनी काय करावं? ताई म्हणजे माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल, सगळा कारभार तीच बघते. तिनं माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, पंख्याखाली खुर्ची दिली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही आमच्या ज्येष्ठ मार्गदर्शक.” मी विचारलं, काम काय? तर म्हणाली, “तुम्ही नुसत्या असलात तरी आम्हाला बळ येतं.” अर्धा दिवस मी नुसती होते. दुपारी म्हटलं, बाई गं, नुसती मी घरी पण असते.

मग तिनं मला दृष्टी गेलेल्या एका निवृत्त गुरुजींना पेपर वाचून दाखवायचं काम दिलं. मला आवडलं. गुरुजींनाही आवडत असावं असं मला वाटत होतं. ऊसदराची बातमी वाचली, त्यावरनं आमच्या फलटणच्या पाहुण्यांचं सांगितलं, मग परत बातमी. तासाभरानं गुरुजी फार आदरानं म्हणाले, “बाई, तुमचा आवाज स्पष्ट आहे. पण बातमी कुठं संपते आणि तुम्ही कुठं सुरू होता, ते मला कळत नाही.”

ताईपर्यंत हे पोचलं. मंगळवारी ती माझ्या शेजारी येऊन बसली, माझा हात हातात घेतला. हात हातात घेतला की पुढं काय येणार ते आम्हा म्हाताऱ्यांना कळतं. “काकू, शनिवारपर्यंत लय गडबड आहे. तुम्ही गोदामात खुर्ची टाकून बसा, मुलींना मार्गदर्शन करा. शनिवारनंतर बघू.”

शनिवारनंतर टेंपो गेलेला असणार. म्हणजे माझी बस चुकलीच.

गोदाम हळदीचं होतं, आता रिकामं. पण हळद गेली तरी वास जात नाही. तिथं दोन तास बसलं की लग्नघरातनं आल्यासारखं वाटतं. मधे तीन-चार वर्षं साठत आलेल्या कपड्यांचा डोंगर आणि भिंतीवर पाटी: ‘जे आपण स्वतः घालणार नाही, ते दुसऱ्याला देऊ नये.’ निवडायला एक बाई होती, नदीपलीकडच्या गावची, सकाळी दूध घालून येणारी. हात असा चालायचा की बघत राहावं. धडका कपडा उजवीकडं, फाटका डावीकडं. डावीकडचा ढीग गॅरेजवाल्यांना, गाड्या पुसायला.

मी खुर्चीवरनं बघते तर चांगले चांगले शर्ट डावीकडं. म्हटलं, “अगं, तो कुठं फाटलाय?”

“आवं आक्का, फाटला न्हाई, पर एक बी गुंडी न्हाई. ह्यो बगा. आन ह्यो. ही तर नवी पँट, हिचा हूक सुदिक काडून घेतलाय.” तिनं एक शर्ट दोन्ही हातांनी झटकला, तो पंख्याच्या वाऱ्यावर उघडाच फडफडला. “कसल्या बाया म्हनायच्या ह्या. कापड द्यायचं आन गुंड्या ठेवून घ्यायच्या. गुंड्यांची भाजी करत्यात का काय?”

मी नजर पंख्याकडं वळवली. ते तिच्याही ध्यानात आलं. “काय वं आक्का, बरं वाटंना व्हय?”

काय सांगू तिला? माझं माहेर मलकापूरचं. माझी आई जुना कपडा बोहारणीला देण्याआधी उंबऱ्यावर बसायची आणि कात्रीनं एकेक गुंडी उतरवायची. “अंगावरचं कापड पुरतं द्यायचं नसतं,” म्हणायची. “कापड जाऊ दे, गुंडी घरात राहू दे. बरकत राहती.” बोहारीण बोंबलायची, आई हलायची नाही. मी तेच शिकले. पुढं बोहारणी कमी झाल्या, संस्था आल्या, कपडे गोळा करायला गाड्या आल्या. तरी गाडी दारात आली की मी आधी कात्री शोधणार. माझा एक मामेभाऊ विट्याचा, गलाईवाला. तो म्हणायचा, “आम्ही राखेतनं सोनं काढतो, आक्का चिंध्यातनं बटणं काढती.” मला त्यात कौतुकच वाटायचं. कपडा पुढं कुठं जातो, कुणाच्या अंगावर चढतो, हे मनात आलंच नाही कधी. बोहारीण घेऊन गेली की माझ्या लेखी तो कपडा संपला.

एवढ्यात दूधवालीनं ढिगातनं निळा चौकड्याचा शर्ट ओढला. मी लांबनं ओळखला. ह्यांचा. कॉलर झिजली म्हणून मीच उसवून, उलटी करून परत बसवली होती, तो टाका मला अंधारात बोटांनी कळेल. हा शर्ट म्हणजे आमच्या घरातलं एक जुनं भांडण. हे तो नेहमी एक बटण चुकवून घालायचे, एक टोक वर, एक टोक खाली. मी म्हणायची, लक्ष नाही. हे म्हणायचे, शर्टातच खोट आहे. शेवटी वैतागून मी तो संस्थेच्या गाडीत देऊन टाकला होता, सहाच्या सहा बटणं उतरवून.

“ह्यो तर बगा, कॉलर उलटवून वापरलाय, किती संसारी बाय आसंल, आन गुंड्या मातुर...” असं म्हणत तिनं तो डावीकडं टाकला. पाणी आणायला म्हणून ती बाहेर गेली आणि मी तो उचलला, घडी केली आणि त्याच्यावर बसले. संध्याकाळपर्यंत खुर्चीवरनं उठले नाही. ताई म्हणाली, “काकू, किती मन लावून बसता तुम्ही.”

बुधवारी सकाळी मी डबा घेऊन गेले. पुरातला तोच. ताई आणि दूधवाली दोघी होत्या. मी झाकण काढलं आणि म्हटलं, “हे बघ ताई, मार्गदर्शन-बिर्गदर्शन राहू दे. हे त्या शर्टांवरचं आहे. सगळं नसेल, पण बरंच असेल. तो चौकड्याचा आमच्याच घरचा. मला काढायचं असेल तर काढ, पण शनिवारपर्यंत सुईदोरा माझ्या हातात दे.”

ताईनं डब्यात हात घातला, बटणं खळखळली. दूधवालीनं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि खाली बसून पोट धरून हसली. “आक्का, म्या कालपासनं तुमालाच शिव्या घालतीया व्हय. आवं, सांगायचं न्हाई का? जरा बेतानं घातल्या असत्या.”

मग म्हणाली, “बसा खाली. खुर्चीवर ढीग ठिवू.”

डावीकडचा ढीग खुर्चीच्या पाठीइतका. दोन जणींच्यानं तीन दिवसांत होणार नव्हता आणि एकसारखी बटणंही पुरणार नव्हती. मी ताईला म्हटलं, आपल्या गल्ल्यांच्या ग्रुपवर लिही, मी सांगते तसं: ‘ज्यांनी शर्ट दिले, त्यांची बटणं त्यांच्या घरी राहिली असल्यास आणून द्यावीत. नाव विचारलं जाणार नाही.’

दुपारपासून डबे यायला लागले. श्रीखंडाचे, गोळ्यांचे, तंबाखूचे. काही दाराशी ठेवून माणसं पसार. एक बाई गाडीवरनं न उतरता बरणी देऊन म्हणाली, “माझी नाहीत हं, माझ्या जावेची आहेत.” अर्ध्या तासानं जाऊबाई आली. तिची बरणी धाकटीची होती. ज्या थांबल्या त्यांच्या हातात मी सुई दिली. गुरुवारी गोदामात नऊ जणी बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या आईनं तिला हेच शिकवलेलं होतं, फक्त आजवर कुणी कुणाला बोललं नव्हतं.

शुक्रवारी हे माझा जेवणाचा डबा घेऊन आले. माझ्या मांडीवरचा शर्ट बघितला आणि दारातच थांबले.

“हा माझा आहे.”

“होता.”

“दे इकडं. मी शोधत होतो हा.”

“तीन वर्षं शोधत होता?”

“मनातल्या मनात.”

दूधवाली म्हणाली, “दादा, त्यो आता कोकनात निगालाय. तुमी सुया ओवा, तेवढंच पुन्य.” माझ्या डोळ्यांना सुईचं नेढं दिसत नाही, हे तिनं हेरलं होतं. ह्यांनी इकडंतिकडं बघितलं, चष्मा पुसला आणि खाली मांडी घातली. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य गेलेला माणूस. ओवलेल्या सुया एका रांगेत गठ्ठ्यावर टोचून ठेवल्या, हजेरीला उभ्या केल्यासारख्या. चौकड्याच्या शर्टाची पाच बटणं डब्यात सापडली, सहावं काही मिळेना. शेवटी लेकीच्या लहानपणच्या फ्रॉकचं लाल बटण मी गळ्याशी लावलं. हे म्हणाले, “जोकर दिसेल तो माणूस.” मी म्हटलं, “गळ्याचं बटण लावतंय कोण तिथल्या उकाड्यात?”

शनिवारी टेंपो गेला. सगळा ढीग संपला नाही, दोन गाठोडी मागं राहिली. पण गेले ते शर्ट सहा-सहा गुंड्यांचे गेले. मी ताईला म्हटलं, झालं, आता ‘बघू’ म्हणाली होतीस, ते बघ. ती फक्त हसली आणि दुसऱ्या कामाला लागली.

आठवड्यानं तिनं घरी निरोप पाठवला, लगेच या. मला वाटलं, आता शाल परत मागते. हे पण आले बरोबर, उगाच. ताईनं फोन पुढं केला. किनाऱ्यावर होडीला टेकून एक माणूस उभा होता. निळा चौकड्याचा शर्ट, गळ्याशी लाल बटण, तेही लावलेलं. तो माझा होडीवाला होता की नाही, देवाला माहीत. पुरात त्याच्या डोक्यावर पावसाळी टोपडं होतं आणि मी डब्याकडं बघत होते. पण उभा होता तो ऐटीत.

ह्यांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, नाकाशी धरला. मग त्यांचा चेहरा असा फुलला की मला भीतीच वाटली.

“बघ,” म्हणाले. “एक टोक वर, एक टोक खाली.”

मी बघितलं. खरंच. खालच्या बटणानं पुढचं काज धरलेलं.

“इतकी वर्षं सांगतोय, खोट शर्टात आहे. आता तो कोकणातला माणूस पण बेफिकीर का?”

ताई फोटोकडं बघून म्हणाली, “काकू, एक काज जरा जवळच पडलंय हो.” ती काजं कुणी केली होती, ते मी सांगितलं नाही. ह्यांनी सांगितलं. दूधवालीला तर दोनदा सांगितलं.

“असू दे,” ताई म्हणाली. “काकू, सोमवारी लवकर या. ती दोन गाठोडी आहेत. आणि पुढच्या महिन्यात टेंपोबरोबर कुणीतरी जायला पाहिजे, तिथं अंगावर घालून बघून जागेवर टाके घालायला. त्यांची खाडी ओलांडायला होडी लागते म्हणे.”

मी हो म्हणायच्या आत हे म्हणाले, “ही? ही होडीत बसेल परत?”

“बसेन की,” मी म्हटलं. “फक्त डबा मांडीवर ठेवू द्यायचा.”