शेंदराखालचा वीर

खानदेशातल्या जुन्या वास्तूंचे फोटो काढत मी बरीच वर्षं हिंडलो. त्या वास्तूंचा मला कधी राग आला नाही. राग यायचा तो त्यांच्याबद्दल डोळे मिटून बोलणाऱ्या लोकांचा. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती आणि शहरातल्या शहाण्यांना एकदम प्राचीन अवशेषांचं प्रेम फुटलं होतं. जळगावहून एस.टी.च्या टपावर लाकडी कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटांची पेटी चढवायची, आणि पेटी फुटू नये म्हणून सगळा रस्ता जीव मुठीत धरून बसायचं, हा माझा धंदा.

काम देणारे गृहस्थ परगावच्या एका संग्रहालयाचे चालक होते. गावाचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही. पारोळ्याच्या किल्ल्याचा फोटो दाखवला तर म्हणाले, "खंदकाजवळ या म्हशी कशाला?" जळगावच्या चौकाचा दाखवला तर केळीची गाडी आड येत होती. सोनगीरच्या बुरुजावर शेळी चढली होती, तिच्यावरही त्यांचा आक्षेप. म्हटलं, "साहेब, चौकात गाड्या नाही येणार तर काय हत्ती येणार?" त्यांनी चष्मा पुसला. माणसं नसलेला खानदेश त्यांना हवा होता आणि तो मी कुठून आणणार होतो?

सोनगीरपासून दोन-अडीच कोस आत एका गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली एक वीर होता. वीर म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. कंबरेएवढा उंच, वर शेंदराची पुटं इतकी की नुसता लाल गोळा, त्यावर दोन पितळी डोळे. त्याची पूजा एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घराकडे होती. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. हा वीर त्यांचाच पूर्वज. त्यांच्या घरात लग्न निघालं की तेलाचं पहिलं बोट वीराला लागायचं, मग नवऱ्याला हळद. त्याशिवाय हळद नाहीच.

मी फोटो काढला आणि धुतला, तर प्लेटेवर काळा ठिक्कर गोळा. आमच्या त्या वेळच्या प्लेटांना तांबडा रंग दिसत नसे. शेंदूर त्यांच्या लेखी डांबरच. गृहस्थांनी फोटो परत केला. मला ते झोंबलं. मी पुन्हा त्या गावी गेलो आणि आबांना म्हटलं, शेंदूर उतरवा.

"वीर सोताच खोय टाकस, भाऊ," आबा म्हणाले. "आपन हात लावाना नही."

शेंदराची ती जाड खोळ केव्हातरी आपोआप निखळते, तोवर थांबायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण मी थांबतो कसला! दोन तास त्या माणसाचं डोकं खाल्लं. तुमच्या वीराचं नाव होईल, लांबलांबचे लोक येतील, खाली काय कोरलंय ते तुमच्या नातवंडांना तरी दिसू द्या. शेवटी म्हातारा उठला. त्याने दगडाची माफी मागितली, कोमट तेल चोळलं आणि विळ्याच्या टोकाने हलकेच ती खोळ सोडवली.

आत घोड्यावरचा वीर निघाला. खाली गाई, वर चंद्र-सूर्य. बायका धावत आल्या, कुणी आरती आणली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला पुजलं त्याचं तोंड ते लोक पहिल्यांदा पाहत होते. मी मात्र काळ्या कापडाखाली डोकं घालून उन्हाशी झगडत होतो. कॅमेऱ्याच्या काचेत सगळं उलटं दिसतं. मी त्या वीराला पाहिलं ते तेवढंच, डोकं खाली आणि पाय वर. दुपारी दोनच्या गाडीने मी निघालोही.

फोटो सुरेख आला. गृहस्थ खूश झाले आणि दोन महिन्यांत त्यांनी शिक्क्याचा कागद आणि ट्रक पाठवून दगड उचलून नेला. गावाने शिक्का पाहिला, सरकारचंच काम समजून कुणी आडवं आलं नाही. मला हे कळलं ते आबा जळगावला माझ्या दारात उभे राहिले तेव्हा. सोबत त्यांचा धाकटा मुलगा होता. त्याचं लग्न चार दिवसांवर आलं होतं.

"कागदवर तुमनाच फोटो व्हता, भाऊ," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "पोरनी हयद आडी ऱ्हायनी. तेल कोनले लावू?"

माझं टाळकं सणकलं. त्याच दिवशी दोघांना घेऊन मी संग्रहालय गाठलं. चालक म्हणाले, दगड संरक्षित आहे, तेलाने खराब होईल. म्हटलं, इतकी वर्षं ज्यांच्या तेलाने राहिला त्यांना तुम्ही दगड राखायला शिकवता? ते म्हणाले, ही अंधश्रद्धा आहे. मी म्हटलं, आणि दुसऱ्याचा बाप उचलून आणून भिंतीला टेकवायचा, त्याला विद्वत्ता म्हणतात का? मी इतका ओरडलो की पाहायला आलेले लोक भोवती जमले. शेवटी बदनामीच्या भीतीने ते नरमले. एका दगडाला, एक बोट तेल, आणि लगेच पुसून टाकायचं.

मी छाती काढून आबांना आत नेलं.

भिंतीशी ओळीने अकरा वीर उभे होते. सगळे कसल्याशा द्रवाने धुऊन पांढरे केलेले, खांद्यावर काळ्या रंगात आकडे. सगळ्यांच्या खाली गाई, वर चंद्र-सूर्य, मध्ये घोडेस्वार. आबा पहिल्यापासून शेवटपर्यंत गेले, परत आले. शेंदराशिवाय वीराला त्यांनी किती पाहिलं होतं? महिना दोन महिने, तेही हात जोडून, मान खाली घालून. मुलगाही बावरला.

चालकांना विचारलं. ते म्हणाले, नोंदवही कारकुनाकडे आहे आणि कारकून रजेवर. मग हसले. "फोटो तुम्हीच काढलाय ना? तुम्हीच दाखवा."

"हां भाऊ," आबा म्हणाले, "तुमले ते माहीत शे. फोटो आमनाकडे ऱ्हाता ते मी तुमले इचारतू नही."

फोटोची एक प्रत पाठवतो असं मी त्यांना कबूल केलं होतं. ती मी पाठवली नव्हती. जिथे जायचो तिथे सगळ्यांनाच कबूल करायचो.

मी त्या अकरा दगडांकडे पाहिलं. त्या वर्षात असे कितीतरी दगड माझ्या काचेतून उलटे होऊन गेले होते. मला ओळखता आलं नाही. चालक हसतच होते, आणि त्या हसण्यापुढे "मला माहीत नाही" एवढं म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. मी चौथ्या दगडाकडे बोट दाखवलं, तेही अगदी ठणकावून.

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी वाटीत बोट बुडवून त्या वीराच्या कपाळाला तेल लावलं आणि मुलाला दगडापुढे डोकं टेकवायला लावलं. बाहेर आल्यावर आबा, माझ्या वडिलांच्या वयाचे, माझ्या पायाशी वाकू लागले. मी त्यांना धरलं. लग्नाला यायचंच म्हणाले, पहिल्या पंगतीला बसायचं म्हणाले.

सकाळची वाट न पाहता मी घरी पोचताच पेटी उघडून ती प्लेट उजेडासमोर धरली. आबांच्या वीराच्या घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला होता. चौथ्या दगडावरच्या घोड्याचे चारही पाय जमिनीवर होते, हे मला आता लख्ख आठवत होतं. तेल दुसऱ्याच कुणाच्या पूर्वजाला लागलं होतं.

त्या चालकांना मी पुढे कितीतरी जणांसमोर शिव्या दिल्या, अजूनही देतो. पण लग्नाला चार दिवस होते, एस.टी. रोज जात होती, आणि मी त्या गावी गेलो नाही.