दादारावच्या मायचं मागणं

दादाराव आमच्या केंद्रात पहिल्यांदा आला तो ओरडतच. "एड्सवाल्यायची लाइन हेच का?" बाकावरची माणसं जागच्या जागी थिजली. कुणी दुपट्टा आणखी वर ओढला, कुणी भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचायला लागलं, एकजण तर उठून चालता झाला. समुपदेशक म्हणून मी तिथे काही नवीन नव्हते, पण असला प्राणी पाहिला नव्हता. आत नेऊन त्याला चांगला झापला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, रोग रक्तात हाये, थोबाडात नाही. मंग थोबाड कायले झाकते हे लोकं?"

नाव मी बदललं आहे. त्याची माय आता राहिली नाही, म्हणून तर लिहिते आहे. ती असती तर एक अक्षर लिहिलं नसतं.

वणीच्या बाजूला, कोळशाच्या रस्त्यावर आमचं केंद्र होतं. दादाराव कोळशाचे ट्रक चालवायचा. पाठ दुखते म्हणून कुणीतरी एकदा गुंगीचं इंजेक्शन टोचलं, मग ते रोजचं झालं. चारपाच ड्रायव्हर, सुई एक. "सुई फिरवाले कोनाले लाज नव्हती, चिलमीवानी फिरे," तो सांगायचा. "आता गोळी घ्याले या म्हटलं का नवरी होऊन बसते साले."

आम्ही त्याला विषाणूची औषधं सुरू केली आणि सुईची तलफ मारणारी गोळीसुद्धा. सुई सुटली. मग हा गडी ट्रक उभे राहतात त्या मैदानामागे जाऊन बाकीच्यांना हुडकून आणायला लागला. गोड बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. "मरतं तं मर, पन दोन महिने सडून मरशीन, थे पाहाले मले टाइम नाही," असं म्हणून दंडाला धरायचा. तरी लोक त्याच्याबरोबर येत. त्याच्यासारखं त्यांना हात लावणारं दुसरं होतंच कोण?

एका मेकॅनिकचा हात सुईच्या जागी सडला होता. त्याला एका खासगी दवाखान्यातून हाकललं. "आधी नशा सोड, मग ये." दादाराव त्याला घेऊन पुन्हा तिथेच गेला, त्याच्या हातावरची पट्टी सोडली आणि दोघं पायरीवर बसले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "वास येते म्हनून हाकललं ह्याले. घ्या, तुमीबी घ्या वास." अर्ध्या तासात डॉक्टरांनी आत घेतलं. हात राहिला, दोन बोटं गेली. डॉक्टर दादारावला मवाली म्हणाले. दादारावने ते सगळ्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं.

असा हा वाघ स्वतःच्या गावात मात्र गप्प असायचा. गावाला माहीत होतं की हा नशेडी होता, सुधारला. रक्तातलं माहीत नव्हतं. मी टोचायची, "इथे बोंबलतोस, आणि गावात?" तो म्हणायचा, "नशेड्याले गाव शिव्या देते, मॅडम, पन पानी देते." घरी माय, भाऊ, भावजय आणि एक बैलजोडी. महिन्यातून दोनदा तो जायचा. मायच्या हातची भाकर खाऊन यायचा आणि दोन दिवस कुणाला शिवी द्यायचा नाही.

त्या वर्षी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट फार चांगला आला. विषाणू सापडेना इतका दबला होता. त्याच आनंदात पोळ्याला घरी गेला आणि संध्याकाळी बैल पुजून झाल्यावर मायला सगळं सांगून टाकलं. माय घाबरली नाही. तिने आपल्या ताटातला घास त्याला भरवला. इतकं शहाणपण मी शिकलेल्या घरांत पाहिलेलं नाही, हे मी म्हटलंच पाहिजे.

पण दुसऱ्या दिवशी कर होती. आमच्याकडे पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या ठेवतात आणि करीच्या सकाळी त्या गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात. टाकताना ज्याच्या घरात जी पीडा असेल तिचं नाव घेऊन मोठ्याने ओरडायचं, की मारबत, म्हणजे गावची पीडा वाहून नेणारी बया, ती घेऊन जाते. कुणी खोकला म्हणतं, कुणी माशा. दादारावची माय सत्तरीची बाई, आपल्या दारच्या फांद्या घेऊन स्वतः गेली. सगळं गाव शिवेवर उभं. तिने जीव तोडून हाक मारली, "माह्या दाद्याचा एड्स घेऊन जा गे मारबत!"

लेकरासाठी मागितलं बिचारीने. आणखी काय करणार होती?

त्या घरचं पाणी दुसऱ्या दिवसापासून कुणी प्यायलं नाही. चक्कीवाला त्यांचं दळण सगळ्यांत शेवटी घ्यायला लागला. कापूस फुटला तेव्हा वेचायला एक बाई येईना, बोंडं झाडावरच लोंबत राहिली. भावाने हात जोडले, "दादा, तू वणीलेच राह्य." दादाराव हो म्हणाला. एकच अट घातली, "काहून झालं थे मायले समजू देजो नको. मरून जाईन थे."

दिवाळीनंतर माय त्याच्या भावाला घेऊन केंद्रात आली. मांडीवर लाडवांचा डबा. मला म्हणाली, "बाई, रोग तं गेला असन ना आता? मी मारबतीले खणखणीत सांगतलं. मंग थो घरी काहून येत नाही?" मी आतल्या दाराकडे बोट केलं.

दादाराव आतल्या खोलीत सिस्टरसमोर बसला होता. सुईची तलफ मारणारी ती गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नसतं. माय तशीच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "पुन्हा सुई घेऊन राह्यला का बे?"

मान हलवून नाही म्हणता आलं असतं. त्याने आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बोलू नये म्हणून हात वर केला. आणि मायकडे पाहून होकाराची मान हलवली.

माय म्हणाली, "मी मारबतीले चुकीचं मागतलं. तुह्या रोगाले नाही, तुलेच ने म्हनाले पायजे होतं." लाडवांचा डबा उचलला आणि निघून गेली.

सिस्टर रडत होती. गोळी विरघळल्यावर दादाराव म्हणाला, "रडता कायले? शिव्या देऊन देऊन जगन आता माय." मी त्याच्यावर ओरडले, भांडले. ऐकेल तर दादाराव कसला.

पुढच्या उन्हाळ्यात, सकाळी गोळी घ्यायला सायकलने येत असताना कोळशाच्या ट्रकने त्याला उडवलं. सुई सोडल्यापासून त्याने एकदाही तिला हात लावला नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. माती झाली त्यानंतर त्याच्या गावी गेले. भाऊ खाली मान घालून बसला होता. माय तुरीच्या डाळीतले खडे वेचत होती. मला बसायलाही म्हटलं नाही तिने.

"नशेत असन ना, बाई?"

भावाने वर पाहिलं. माझ्या जिभेवर खरं आलं होतं, अगदी टोकावर.

"हो," मी म्हटलं.

"मंग कायले रडू," माय म्हणाली आणि डाळ घेऊन आत गेली.