एका तासात फुल

"ताई, एका तासात बॅटरी फुल. तुमचं चहापाणी होईस्तोवर गाडी तयार," असं परभणीतल्या गाडीच्या दुकानदारानं मला हसत हसत सांगितलं होतं. मी लग्नात नवरीचा मेकअप करते. सकाळी एक गाव, दुपारी दुसरं. मला एवढंच ऐकायचं होतं. बॅटरीवरची स्कुटी घेतली.

लग्नसराईत बोरी गावचं काम आलं. घरी लाईट नव्हती, म्हणून अर्ध्या बॅटरीवरच निघाले. झरीजवळ बॅटरीचा आकडा लाल झाला. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्यानं प्लग दिला आणि मी निवांत बसले. तासाचाच तर प्रश्न होता. तास गेला, आकडा जेमतेम हलला. आता होईल, आता होईल म्हणत आणखी थांबले. शेवटी स्कुटी तिथंच सोडून, पेटी उचलून काळीपिवळीत चढले.

मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडत होत्या. नवरीला मावशीनं घाईघाईत पावडर फासली होती. पोरगी रडली असावी, काजळ गालावर उतरलं होतं. तिची आई मला म्हणाली, "आता कशाला आलाव बाई? मुहूर्त तुमच्या गाडीसाठी थांबतो व्हय?"

त्या गावातून मला पुन्हा बोलावणं आलं नाही.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम बॅटरी संपवली आणि स्कुटी ढकलत त्या दुकानदाराकडे नेली.

"ठिवून जा ताई, संध्याकाळी न्या," तो म्हणाला.

"संध्याकाळी कशाला? तासाभराचं तर काम हाय. मी बसते."

दारातच खुर्ची ओढून बसले. गिऱ्हाईक आलं की तो गाडीचं कौतुक सुरू करायचा आणि मी शांतपणे म्हणायचे, "माझी बी हितलीच हाय. सकाळपासून लावली. बघा की किती झाली ते." लोक वाकून आकडा बघायचे. एक नवरा-बायको तर माझ्याशेजारी बसूनच राहिले, आणि दुपारी काही न घेता उठून गेले. त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. मी घेतला नाही. त्याच्या कपाळावरचा घाम बघून मला लय बरं वाटत होतं.

ऊन उतरल्यावर तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, चुकलं माझं. सहा-सात तास लागतेत."

"मला नका सांगू. बोरीला सांगा."

मी नवरीच्या आईला फोन लावून त्याच्या हातात दिला. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सगळं बोलावं लागलं. पलीकडून ती बाई एवढंच म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

त्याला वाटलं, मिटलं. पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले, स्कुटी ढकलतच. मला बघताच त्यानं स्वतःच खुर्ची दारातून उचलून आत नेली. मी पायरीवर बसले.