ओलं डोकं
इमारतीत झुरळांच्या औषधाची फवारणी झाली की त्या वासाने मी खिडक्या उघडत सुटते. परळच्या इस्पितळात नर्स होते तेव्हा रे रोडच्या गोदामातला एक हमाल असाच वास घेऊन आला होता. कीटकनाशकाचा ड्रम त्याच्या अंगावर फुटला होता; युद्धातल्या विषारी वायूंच्या जातकुळीतलं, कातडीतून आत शिरणारं औषध. आम्ही रबरी हातमोजे घालून आवारातच त्याचे कपडे उतरवले आणि अंगावर पाण्याचा पाइप धरला. तेवढ्यात त्याची आई धावत आली आणि पदराने त्याचं डोकं पुसायला लागली. “मावशी, हात लावू नका,” मी मास्कमधून ओरडले. “सर्दी होईल गो त्याला,” ती म्हणाली. तोवर पदर भिजला होता. मग तिचीही साडी सोडावी लागली. आम्ही भोवती चादरी धरल्या आणि ती अंग चोरून पाण्याखाली उभी राहिली. रडणं थांबवून मध्येच मला विचारते, “गो बाय, त्याचं डोकं पुसलं काय कोणी?” दोघंही वाचली. पण माझी लेक न्हाऊन आली की मी टॉवेल घेऊन धावते, आधी तिच्या केसांचा वास घेते आणि मगच पुसते.